दार धरलंय

भोंगा वाजला आणि मी हात घातला. विचार करून नव्हे. विचार केला असता तर घातला नसता, पण माझा हात मला विचारून वागत नाही. मी स्नूकरच्या टेबलावर वाकलेलो होतो, डाव्या हाताची बोटं हिरव्या कापडावर रोवलेली, क्यूचं टोक पांढऱ्या चेंडूपासून केसभर दूर, लाल चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी शहाण्या मुलासारखा उभा, आणि छताकडून कुठून तरी टुक टुक टुक सुरू झालं. ते माझ्याचसाठी होतं. या स्पर्धेत एका फटक्याला पंधरा सेकंद मिळतात, शेवटची पाच उरली की भोंगा टुकटुकायला लागतो, आणि तरीही फटका मारला नाही तर फाउल. हे सगळं मला सांगितलेलं होतं. पण हा भोंगा नेमका त्याच पट्टीत टुकटुकेल, ज्या पट्टीत लिफ्टचं दार मिटण्याआधी टुकटुकतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दार मिटायला लागलं की आमच्या लोकांचा हात आपोआप दोन झडपांच्या मधे जातो. आपल्या लग्नात वाजलं तरी जाईल. तसाच तो कापडावरून उठला आणि पुढे गेला, आडवा, पंजा उघडा, जणू समोरून एखाद्या आजी पिशव्या घेऊन येत होत्या आणि मी त्यांच्यासाठी टेबल थांबवून धरलं होतं. आजी आल्या नाहीत. माझी बाही तीन लाल चेंडूंना लागली आणि ते घर सोडून निघाले.

"फाउल," पंचबाई म्हणाल्या. पांढरे हातमोजे घातलेल्या, वरणभातासारखा निर्विकार चेहरा. "पाच गुण." सभागृह हसलं. इथे हसायची परवानगी आहे; ओरडायची, शिट्या मारायची, फटक्याच्या ऐन वेळी 'पडणार पडणार' असं पुटपुटायचीसुद्धा. ही झटपट स्पर्धा आहे: सामना एकाच फ्रेमचा, म्हणजे एकाच डावाचा, दहा मिनिटांचा, घड्याळ संपेल तेव्हा जो पुढे तो जिंकला, मागे राहील तो बॅग उचलून घरी. पहिली पाच मिनिटं फटक्याला पंधरा सेकंद, नंतरची पाच मिनिटं फक्त दहा. निम्मे खेळाडू पोटासाठी खेळणारे, निम्मे माझ्यासारखे हौशी, आणि चिठ्ठ्या टाकून कोणालाही कोणाच्याही गळ्यात बांधतात. माझ्या गळ्यात ज्याला बांधलं होतं त्याला सगळे शिलाई मशीन म्हणतात. तो चेंडूकडे बघत नाही, वाकतो आणि टाके घालत सुटतो. चकचकीत कोटातल्या निवेदकाने माइक तोंडाशी नेला. "लिफ्टवाले, पाचवा मजला का? की तळघर?" माझी उत्तरं चांगली असतात, पण उशिरा येतात, आणि इथे उशिराला पाच गुण दंड आहे.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे बाबा बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून, आणि त्यांच्या शेजारी ताई, दोघांच्याही वाट्याची काळजी एकटीने करत. बाबांचे ओठ हलत होते. बाबा आयुष्यभर मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड क्लबात भिंतीजवळ उभा राहून दुसऱ्यांचे गुण सांगणारा माणूस. त्या क्लबात एवढी शांतता असायची की खोकायचं असेल तर लोक बाहेर जाऊन खोकून येत. त्या शांततेत बाबा गुण सांगत आणि दोन फ्रेमींच्या मधे, चेंडू मांडता मांडता, विनोद सांगत. विनोद त्यांचे साधेच, पण ते शेवटच्या वाक्याआधी थांबायचे. चेंडू लावायचे, खडूची भुकटी फुंकायचे, त्रिकोणी चौकट उचलायचे, आणि मग अगदी शांतपणे, गुण सांगितल्यासारखं, शेवटचं वाक्य ठेवायचे. मोठमोठे वकील भिंतीला टेकून रडेपर्यंत हसायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझे हात पुरायचे नाहीत म्हणून मी टेबलावर पालथा पडून फटका मारायचो, पाय हवेत. मारायच्या आधी मागून आवाज यायचा: "पाय टेकव." नियमच आहे, एक तरी पाय जमिनीला टेकलेला हवा, नाही तर फाउल. स्वतःच्या मुलाचा, क्लब बंद असताना, बघायला कोणी नसताना, बाबा फाउल धरायचे आणि नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला गुण द्यायचे. त्या नसलेल्या माणसाने मला सलग दोन वर्षं हरवलं आहे.

मागच्या थंडीत बाबांना झटका आला. उजवा हात परत आला, पाय जवळपास परत आला, बोलणं मात्र वाटेत कुठेतरी बसून राहिलं. डोक्यात वाक्य पूर्ण असतं, असं बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात. फक्त तोंडाच्या दाराशी एकेक शब्द रांगेत येतो आणि आधीच्याला वाट द्यावी लागते. "तुम्ही एकच करा," त्या बाई आम्हाला म्हणाल्या होत्या. "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जे वाक्य तुम्ही त्यांच्या तोंडातून काढून घ्याल, ते घ्यायला ते परत येणार नाहीत." ताईने मान डोलावली आणि लगेच म्हणाली, "म्हणजे आम्ही थांबायचं." बाई म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते." ताई वाईट नाही. ताईइतकं बाबांचं कोणी केलं नाही. पण तिला वाक्य अर्धं लोंबकळताना बघवत नाही, गॅसवर दूध ठेवून कोणी निघून गेल्यासारखं वाटतं तिला. बाबा म्हणायचे, "मला... जरा...", की आलंच पाणी. "खिड...", की लागलीच बंद. बाबांना खिडकी उघडून हवी असायची. ते बंद खिडकीकडे बघत पाणी प्यायचे, कारण ते सभ्य आहेत. हळूहळू वाक्यं लहान झाली, मग शब्द, मग नुसती मान. गेल्या महिन्यात त्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, आता त्यांनी स्वतःहून काही सुरू केलं तर ते शेवटपर्यंत जाऊ द्या, नाही तर ते सुरू करणंही सोडतील. आणि आज सकाळी चहाच्या वेळी बाबांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक... मार्कर... मेला."

ताईच्या हातून चमचा पडला. "काय हे अभद्र! बाबा, असं बोलायचं नाही! तुम्हाला काही झालेलं नाही!" बाबांनी डोळे मिटून घेतले. मला मात्र कळलं होतं. बाबांचा प्रत्येक विनोद असाच सुरू व्हायचा, कोणीतरी मरून. झटक्यानंतरचा हा पहिला विनोद होता. मी ताईला खूण केली, ती म्हणाली, "तू गप रे, तुझे चाळे पुरेत." टॅक्सीत बसल्यावर, पुलाशी, बाबा पुन्हा म्हणाले, "वर... गेला." टॅक्सीवाला म्हणाला, "हो काका, वरूनच घेतोय, खालून खोदलंय." इथे आल्यावर, तळमजल्यावर लिफ्टची वाट बघताना, बाबा तिसऱ्यांदा थांबले आणि काठी वर करून म्हणाले, "समोर... देव... तरंगत." ताईचे डोळे भरून आले. "तुम्हाला देवाला नमस्कार करायचाय का, बाबा? इथे नाही हो देव. इथे नुसतं स्नूकर आहे." बाबांनी नमस्कार केला. सभ्य माणूस. तेवढ्यात लिफ्ट आली, दार मिटायला लागलं आणि मी हात घातला. बाबांना उंबरठा ओलांडायला वेळ लागतो. आत एक गृहस्थ घड्याळ बघत होते, जणू मी त्यांच्या घड्याळाच्याच काट्याला लटकलो होतो.

दारं हा माझ्या नोकरीतला नाजूक विषय आहे. आमच्या साहेबांनी सगळ्या इमारतींतल्या लिफ्टची दारं उघडी राहायची वेळ निम्मी करायला सांगितली आहे. साहेबांचं म्हणणं, माणशी चार सेकंद वाचतात, म्हणजे एवढ्या मोठ्या शहरात रोज किती वाचत असतील विचार कर. मी विचार केला. वाचलेले सेकंद जातात कुठे ते मला कळेना. मी सगळ्या इमारतींची मशीनघरं पाहिली आहेत, कुठेही साठवलेले दिसले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉकरवाल्या आजी मात्र दर खेपेला दारात चेपल्या जातात, हे दिसतं. म्हणून मी साहेबांसमोर वेळ निम्मी करतो आणि साहेबांची गाडी वळली की पुन्हा पहिल्यासारखी. "तुझ्या इमारतींतल्याच लिफ्ट कशा रे आळशी?" साहेब विचारतात. मी म्हणतो, "साहेब, स्वभाव असतो एकेकीचा."

टेबलावर शिलाई मशीनने तेवढ्यात टीप मारून घेतली होती. त्याला चेंडू घालताना पाहिलं की आपला जन्म फुकट गेला असं वाटतं, पण फार वेळ नाही, तेवढा वेळच तो देत नाही. मग त्याचा एक चुकला, त्याने खांदे उडवले आणि खुर्चीत जाऊन माझ्यासाठी कंटाळून बसला. मी उठलो. मला टेबलाभोवती एक फेरी मारल्याशिवाय फटका सुचत नाही. बाबांनी तसंच शिकवलंय, आधी टेबलाला भेटून ये. पंधरा सेकंदांत भेटीगाठी होत नाहीत. मी अर्धी फेरी मारली, एका गुणाचा लाल घातला, सात गुणांचा काळा घातला, मग पुन्हा एक लाल, आणि मग लोकांनी एका सुरात "घाई! घाई!" असं सुरू केलं आणि मी घाई केली आणि पाच गुणांचा सोपा निळा टेबलाच्या कडेच्या कुशनला लागून परत आला. नऊ गुण. त्याचे चौदा. मला ते दुःख फारसं झालं नाही, कारण मी खुर्चीकडे परतताना बाबांचे ओठ पुन्हा हलताना दिसले. खुर्ची पहिल्या रांगेपासून हाताच्या अंतरावर होती. "देव... म्हणाला," बाबा म्हणाले. मी टुवालाने हात पुसत राहिलो, कारण बघितलं की ते थांबतात. "तुझा... स्कोअर... काय?"

"चौदा-नऊ, बाबा!" ताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "तो मागे आहे. पण होईल, होईल!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या टेबलाकडे. त्यांचा ओठ मिटायला लागला, आणि मला ती मिटण्याची तऱ्हा ओळखीची आहे. लिफ्टच्या दाराची रबराची पट्टी पट्टीला लागायच्या आधी जो बारीकसा श्वास सुटतो तो मला इमारतीच्या बाहेरूनही ऐकू येतो. पूर्वी ते शेवटच्या वाक्याआधी थांबत, तेव्हा सगळा क्लब त्या थांबण्यात उभा राहायचा. आता ते प्रत्येक शब्दाआधी थांबतात आणि त्या फटीतून लोक पाणी, चहा, शाल, देव, गुण, जे हाताला लागेल ते आत ढकलतात. "ताई," मी म्हणालो, "त्यांना बोलू दे." "बोलताहेत की! मी उत्तर दिलं ना!" "तू उत्तर देऊ नकोस." "मग काय करू? माणसाने विचारलं तर?" "त्यांनी नाही विचारलं. देवाने विचारलं." ताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की झटका एकालाच आलाय की दोघांना. "लिफ्टवाले!" शिलाई मशीनचाही एक चुकल्याबरोबर निवेदक गरजला. "तुमची पाळी! का पायऱ्यांनी येताय?"

त्यानंतर मी काय खेळलो ते मला नीट सांगता येणार नाही. आता फटक्याला दहाच सेकंद होते, टुकटुक जवळपास वाकल्याबरोबर सुरू व्हायची आणि दर वेळी माझा डावा पंजा कापडावरून उठायला बघायचा. मी त्याला दाबून धरला. मला राग आला होता. शिलाई मशीनचा नव्हे, तो बिचारा जन्मतःच असा. राग कोणाचा ते शोधायला वेळ नव्हता, म्हणून मी तो सगळ्यांवर सारखा वाटला: साहेबांवर, भोंग्यावर, 'घाई घाई' म्हणणाऱ्या त्या सगळ्या लोकांवर, ज्यांना इथून सुटल्यावर कुठेही जायचं नव्हतं. लाल, काळा, लाल, काळा, लाल, निळा. पांढरा चेंडू दर खेपेला जिथे हवा तिथे जाऊन उभा राहिला, आज्ञाधारक, त्यालाही बहुधा कोणाचा तरी राग आला असावा. लोक आता माझ्या नावाने ओरडत होते, म्हणजे "लिफ्ट! लिफ्ट!" असं. निवेदक म्हणाला, "वर चाललीय!" मग माझा एक लाल चुकला, शिलाई मशीन उठला, त्याने तुटलेला धागा जोडला, जवळ आला, अजून जवळ आला आणि एका लांबच्या लाल चेंडूवर चुकला. मोठ्या घड्याळात बारा सेकंद उरले होते. माझे एकतीस, त्याचे सत्तावीस. पाळी माझी.

आता करायचं काहीच नव्हतं. एक लाल चेंडू हातभर अंतरावर होता. तो पॉकेटमधे घालायचीही गरज नव्हती, पांढऱ्याने त्याला नुसता धक्का दिला की चेंडू थांबेपर्यंत वेळ संपला असता. पोटासाठी खेळणाऱ्या माणसाला एका लिफ्टवाल्याने हरवलं असतं. दुसरी फेरी, तिथे पुन्हा कोणी मोठा, पुन्हा हा भोंगा. शिलाई मशीन खुर्चीतून अर्धा उठला होता, हात मिळवायला. मी वाकलो. आणि वाकताना, टेबलाच्या कडेच्या बरोबर वरून, मला बाबांचं तोंड दिसलं. ते उघडलं होतं. आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, सभागृह शेवटचे सेकंद मोजत होतं. पण "मार्कर म्हणाला" हे शब्द मी त्यांच्या ओठांवर लहानपणापासून पाहत आलोय. मार्कर. म्हणाला. आणि मग ते थांबले. ते शब्द सापडत नाही म्हणून थांबलेले नव्हते. ते जुनं थांबणं होतं, खडूची भुकटी फुंकायचं. ताईने ते पाहिलं, तिला ते दूध उतू गेल्यासारखं वाटलं, आणि ती वाक्य पुरं करायला तोंड उघडून त्यांच्या कानाकडे वळली.

टुक टुक टुक, आणि मी हात घातला.

या वेळी विचार करून. मी सरळ उभा राहिलो, क्यू टेबलाला टेकवला आणि उजवा हात वर, आडवा, पंजा उघडा, सगळ्या सभागृहासमोर धरला. माझ्या नजरेच्या रेषेत तो आपोआपच ताईच्या तोंडासमोर आला. लोकांना वाटलं माझी काही तक्रार आहे. मोजणं फाटत गेलं आणि थांबलं. "वेळ चालू आहे," पंचबाई म्हणाल्या. "चालू दे," मी म्हणालो. "अहो, नुसता टोला द्या!" मागून कोणी तरी कळवळून म्हणालं. "अरे गधड्या!" ताई माझ्या पंजाआडून म्हणाली. मी हात खाली घेतला नाही. एवढी माणसं एका जागी गप्प बसलेली मी त्या जुन्या क्लबानंतर पहिल्यांदाच पाहिली, आणि त्या शांततेत एकटा भोंगा टुकटुकत होता, दार मिटतंय, दार मिटतंय, आणि मग तो एकदाचा लांब वाजला आणि संपला. "वेळेचा फाउल," पंचबाई म्हणाल्या. "पाच गुण." लगेच मोठं घड्याळही संपलं. एकतीस, बत्तीस. कोणी टाळी वाजवली नाही, कारण काय झालं ते कोणालाच कळलं नव्हतं. आणि त्या शांततेत बाबांनी, घाई न करता, गुण सांगितल्यासारखं, शेवटचं वाक्य ठेवलं.

"आधी... पाय... टेकव," मार्कर देवाला म्हणाला. "फाउल."

मग पंचबाईंच्या वरणभाताला तडा गेला. त्यांनी पांढरा हातमोजा तोंडावर दाबला, पण खांदे हलायला लागले. "काय म्हणाले? काय म्हणाले?" मागच्या रांगेने विचारलं, आणि मी सकाळपासूनचे तुकडे जोडून पहिल्या रांगेला सगळा विनोद सांगितला, मार्कर मेला, वर गेला, समोर देव तरंगत, आणि हसू मागे मागे पोचत गेलं. हे सगळे तेच लोक होते ज्यांचा कधी ना कधी, कुठल्या तरी टेबलावर, पाय हवेत राहिला म्हणून फाउल धरला गेला होता. दुसऱ्या कुठल्याही सभागृहात हा विनोद पडला असता. शिलाई मशीन जिंकल्याचं विसरून टेबलाच्या कडेवर डोकं टेकवून हसत होता, सावकाश, अजिबात घाई न करता, मला वाटतं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा. बाबांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी वाटेत होती. आम्ही थांबलो, तीही पोचली.

निवेदकाने माझ्यासमोर माइक धरला. "तुम्ही जिंकलेला सामना सोडलात."

"हो."

"एका विनोदासाठी?"

"तुम्हाला दुसरा येतो का, याच्याहून चांगला?" मी विचारलं. मी थांबलो. त्याला हवा तेवढा वेळ दिला. शेवटी त्यानेच माइक खाली घेतला.

सभागृहातून बाहेर पडायला ताई सगळ्यांत आधी उठली. माझी क्यूची पेटी तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, म्हणजे ती फारच चिडली होती किंवा अजिबात चिडली नव्हती, तिचं कळत नाही. लिफ्टपाशी गर्दी होती. दार उघडलं, माणसं आत भरली, आणि बाबा उंबरठ्यावर, एक पाय आत आणि एक बाहेर, उभे असताना ताईने अचानक त्यांची बाही धरली. "बाबा," ती म्हणाली, आणि मग तिने खालचा ओठ दातांखाली धरला, जणू तोंडात गरम घास होता, "मग देव काय म्हणाला?"

विनोद संपला होता. याच्यापुढे त्यात काही नव्हतं. बाबांना ते माहीत होतं, मलाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच थांबली होती, खांद्यावरची पेटी घट्ट धरून, श्वाससुद्धा न घेता. बाबांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मग वर, लिफ्टच्या छताकडे, कोणाचे तरी पाय बघत असल्यासारखं पाहिलं आणि ओठ उघडले.

"देव..."

टुक टुक टुक. मी हात घातला. झडप मनगटाला लागली, मागे गेली, पुन्हा आली.

"अहो, सोडा की दार!" आतून सकाळचेच गृहस्थ म्हणाले. "आम्हाला जायचंय!"

"नाही सोडत," मी म्हणालो.